दाराच्या तळाची भोकं बुजवणाऱ्यास



मामा तुमचं नाव सांगत नाहीत. पैसे देऊन झाले, विषय संपला, आता कुणाच्या नावाने बोटं मोडायची नाहीत, असा त्यांचा बाणा आहे. म्हणून हे पत्र नावाशिवाय लिहिते आहे. तुमची ओळख पटायला नाव लागतंच असंही नाही. मामांच्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या उजव्या दाराचं पॅड आमच्या मेस्त्रींनी काढलं आणि तुमचं काम एकेका थराने बाहेर येत गेलं. बाहेरून तुम्ही दार चकचकीत करून दिलं होतं. आत कुणी कधी डोकावणार नाही, याची तुम्हाला पक्की खात्री होती, हे तिथल्या प्रत्येक वस्तूवरून दिसतं.

मामांनी गाडी तुमच्याकडे आणली ती काचेची आणि दाराची रबरं बदलायला. काच वरखाली करताना खडखडत होती आणि अलिबागच्या पावसात दाराच्या कडेने पाणी आत येत होतं. काम सरळ होतं. काचेला बाहेरून टेकणारी पट्टी, आतली फेल्ट, काच जिच्यातून सरकते ती रनिंग चॅनेल, क्वार्टर ग्लासचं रबर आणि दाराभोवतीचं बीडिंग, एवढं बदलायचं. तुम्ही पैसे घेतलेत, बिलावर ‘ओरिजिनल रबर’ असं लिहिलंत, आणि पाणी निघून जायला दाराच्या तळाशी जी भोकं असतात, ती सिलिकॉनने बुजवून टाकलीत.

बाकीचं सगळं मी कदाचित सोडून दिलं असतं. हे सोडणार नाही.

वरखाली होणारी काच असलेलं मोटारीचं दार आतून कोरडं राहत नाही. ते कोरडं राहावं अशी ते बनवणाऱ्याचीही अपेक्षा नसते. काच दाराच्या पोटात उतरते, म्हणून वर एक लांब फट ठेवावीच लागते. त्या फटीच्या काठावरची पट्टी काचेवरून ओघळणारं बहुतेक पाणी निपटून बाहेर टाकते. उरलेलं आत जातं. जाणारच. ते आतल्या आत खाली उतरतं, तळाशी पोचतं आणि भोकांवाटे रस्त्यावर पडतं. दाराच्या आतल्या सांगाड्यावर, पॅडच्या मागे, प्लॅस्टिकचा किंवा डांबरी कागदाचा पडदा चिकटवलेला असतो. दाराच्या पोटातलं पाणी पॅडच्या पुठ्ठ्याला आणि बसणाऱ्याच्या पायांना लागू नये, हे त्याचं काम. वर पट्टी, मध्ये पडदा, खाली भोकं. या तिघांनी मिळून पाण्याला एक वाट करून दिलेली असते. तोरिनोमधल्या फियाटच्या माणसांनी ही वाट विचार करून आखली होती, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी ती दारामागून दार, वर्षानुवर्षं, तशीच ठेवली. तुम्ही ती सिलिकॉनच्या एका ट्यूबने बंद केलीत.

तुम्ही कसा विचार केलात तेही मला दिसतं. पाणी येतंय ना, मग जिथे भोक दिसेल तिथे बूच मारा. तळाच्या भोकातून पाणी वर चढून आत येतं, असं तुम्हाला खरंच वाटलं का? की वाटण्या-न वाटण्याचा प्रश्नच नव्हता, संध्याकाळपर्यंत गाडी बाहेर काढायची होती? मला दुसरंच जास्त खरं वाटतं. कारण भोकं बुजवण्याआधी तुम्ही पॅडमागचा तो प्लॅस्टिकचा पडदा फाडून काढला होता आणि परत लावलाच नव्हता. पडदा असता तर तळाशी साचलेलं पाणी काही काळ तरी दारातच राहिलं असतं. तो नसल्यामुळे ते पुठ्ठ्यातून झिरपत थेट गालिच्याखाली गेलं. गाडी तुमच्याकडून आल्यानंतर आधीपेक्षा जास्त गळायला लागली, याचं कारण हे आहे.

आणि सिलिकॉन तरी कुठलं वापरलंत? गाडी घरी आली तेव्हा कितीतरी दिवस आत व्हिनेगरसारखा वास येत होता, असं मामी सांगतात. काच खाली ठेवल्याशिवाय त्यांना बसवत नव्हतं. तो वास अ‍ॅसिटिक आम्लाचा. न्हाणीघरातल्या टाइल्सच्या आणि काचेच्या फटी भरायला जे स्वस्त सिलिकॉन मिळतं, ते सुकताना हे आम्ल सोडतं. काचेला त्याने काही होत नाही. उघड्या लोखंडाला मात्र गंज धरतो. दाराचा तळ ही सगळ्या गाडीतली सगळ्यात नाजूक जागा. बाहेरचा पत्रा तिथे आतल्या सांगाड्यावर दुमडून दाबलेला असतो. त्या दुमडीत ओल एकदा शिरली की केशाकर्षणाने धरून राहते, आणि रंगाचा ब्रश तिथे पोचत नाही. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या आसपासचा. अलिबागची खारी हवा. त्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडणारा पाऊस. अशा जागी तुम्ही आधी आम्ल लावलंत आणि मग त्यावर पाणी साठवलंत.

मेस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तुमचा सिलिकॉनचा गोळा उचकटला तेव्हा पावसाळा कधीच सरला होता. तरी दारातून चहाच्या रंगाचं पाणी आलं. त्यांनी गोळा हातात घेतला तर त्याच्या पाठीला पत्र्याचा एक आख्खा पापुद्रा चिकटून आला. लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. त्यामुळे दुमड आतून फुगून उघडली होती आणि बाहेरच्या रंगाला पुळ्या आल्या होत्या. त्या पुळ्याही तुम्हाला दिसल्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं. त्यातल्या काहींवर लांबी भरून, वर रंगाचा हात मारलेला होता. लांबी ओल शोषते. गंजावर लांबी भरणं म्हणजे गंजाला झाकून त्याच्या जेवणाची सोय करणं. हे कुठल्याही डेंटरच्या हाताखाली राहिलेल्या पोराला माहीत असतं.

आता रबराकडे येते, कारण पैसे तुम्ही रबराचे घेतलेत.

जुनी फेल्ट तुम्ही काढलीच नव्हती. ती रनिंग चॅनेलमध्ये तशीच होती, झिजून तिचे केस गेलेले, धूळ आणि वाळू आत रुतलेली, आणि तिच्यावर तुम्ही नवी चिकटवलीत. दोन थरांमुळे चॅनेल अरुंद झाली. काच अडकायला लागली. मामांनी हँडलवर जोर लावायचा, आणि ती ओढ काचेच्या मशीनच्या दातांवर यायची. काचेवर आज ज्या उभ्या रेषा आहेत त्या रुतलेल्या वाळूने ओढलेल्या आहेत. रात्री समोरून हेडलाइट आला की त्या सगळ्या एकदम पेटतात आणि त्या बाजूचं काही दिसत नाही. मामांचं वय लक्षात घेता मी याला किरकोळ म्हणायला तयार नाही.

दाराभोवती तुम्ही लावलेलं बीडिंग हे बीडिंग नव्हतं. मीटरवर मिळणारी स्पंजची पट्टी होती, तीही उघड्या छिद्रांची, पाणी पिणारी. मोटारीच्या दाराला लागणाऱ्या स्पंज रबराची छिद्रं बंद असतात. ती दाबली जातात, पाणी धरत नाहीत. तुमच्या पट्टीने प्रत्येक सरीचं पाणी धरलं आणि ऊन पडेपर्यंत पत्र्याला लावून ठेवलं. शिवाय ती तुम्ही ताणून लावली होती. ताणली की कमी लागते, चार बोटं वाचतात. पण ताणलेलं रबर परत आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. जोड तळाला, पायाशी ठेवायचा, म्हणजे तिथून शिरलंच तर पाणी तिथेच राहतं. तुम्ही तो वर, चालकाच्या डोक्यावर ठेवलात.

या सगळ्यावर शेवटी ऑइल चोपडून रबर काळंभोर आणि चमकदार करून दिलंत. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉनचा उपयोग करायचाच होता तर तो इथे होता. चॅनेलला आणि रबराला सिलिकॉन ग्रीसचा किंवा स्प्रेचा पातळ हात दिला असता तर काच लोण्यासारखी सरकली असती.

‘ओरिजिनल’ या तुमच्या बिलातल्या दाव्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. तो दावा खोटा होता हे तर झालंच. पण खरा असता तरी त्यात मामांचं भलं नव्हतं.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना वालचंद हिराचंद यांनी 1944 साली केली. ही गाडी फियाटच्या 1100 डी या मॉडेलवर बेतलेली. इटलीत ते 1962 साली आलं, आपल्याकडे 1964 पासून ‘फियाट 1100 डिलाइट’ म्हणून बनायला लागलं. 1972 साली तिचं नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झालं आणि 1974 पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. शतक सरता सरता तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे कारखान्याच्या काळातलं अस्सल रबर आज कुठे बंद पाकिटात सापडलंच, तर ते पाव शतकाचं म्हातारं असणार. रबर पाकिटातसुद्धा म्हातारं होतं. नैसर्गिक रबराच्या लांब साखळ्यांमध्ये जे दुहेरी बंध असतात, त्यांच्यावर हवेतला ओझोन हल्ला करतो. रबर जिथे ताणलेलं असतं तिथे ताणाच्या आडव्या दिशेने चिरा पडत जातात. ऊन लागलं की आणखी लवकर. आज अशा पट्ट्या ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या मिळतात. त्याच्या मुख्य साखळीत असे दुहेरी बंध नसतात, म्हणून ओझोन आणि ऊन त्याला फार काळ काही करू शकत नाहीत. जुन्या आकाराबरहुकूम काढलेली नवी ईपीडीएम पट्टी ही पद्मिनीसाठी कारखान्याच्या जुन्या मालापेक्षा चांगली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांना हे रुचत नाही. त्यांना प्रत्येक गोष्ट त्या काळचीच हवी असते. इंजिनाबद्दल, डॅशबोर्डबद्दल, गिअरच्या दांड्याबद्दल मी त्यांच्याशी सहमत आहे. जी गोष्ट झिजून जाण्यासाठीच लावलेली असते, तिच्या बाबतीत नाही.

आणि अशी पट्टी मिळवणं आता सोपं राहिलेलं नाही. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या पद्मिनी होत्या तोवर त्यांच्यासाठी म्हणून तरी पार्ट निघत होते. दारं दिवसातून शंभरदा उघडायची-मिटायची, रबरं झिजायची, नवी लागायची. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी 2003 सालच्या ऑक्टोबरातली. वीस वर्षांची मुदत भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आता क्वार्टर ग्लासचं रबर हवं तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चार दुकानं पालथी घालावी लागतात, किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात नशीब आजमावावं लागतं. आम्ही ते रबर मिळवलं. उजव्या बाजूचं आणि डाव्या बाजूचं वेगळं असतं, एकमेकांच्या जागी बसत नाही. मामांनी हेच, दोन्ही बाजूंचं, तुम्हाला स्वतः विकत आणून दिलं होतं. ते तुम्ही लावलंच नाहीत. ते कुठे गेलं, हा प्रश्न मी तुम्हाला इथे सगळ्यांसमोर विचारते आहे.

मेस्त्रींनी काम कसं केलं ते सांगते, म्हणजे ते तुमच्या आवाक्याबाहेरचं नव्हतं हे तुम्हालाही कळेल. काच पूर्ण खाली घेतली, हँडल आणि पॅड काढलं. जुनी फेल्ट आणि गोंद लाकडी पट्टीने खरवडला. रंगाला धक्का लागू नये म्हणून थिनरला हातही लावला नाही. चॅनेल तारेच्या ब्रशने स्वच्छ केली, गंजावर फॉस्फरिक आम्लाचं द्रावण लावून तो मारला, मग प्रायमर. नवी पट्टी आधी उन्हात सरळ पसरून ठेवली, गुंडाळीचे वळसे जाईपर्यंत. कापताना बोटभर जास्त ठेवली आणि कोपऱ्यातून सुरुवात करून, न ताणता, ढकलत ढकलत बसवली. पट्टीची जीभ काचेकडे आहे ना, हे दोनदा पाहिलं. दाराच्या चौकटीला खडू फिरवला आणि दार मिटून उघडलं. बीडिंगवर जिथे खडूची खूण उमटली नाही, तिथे ते टेकत नाही. बिजागरीजवळ एक वीतभर जागा कोरी निघाली, तर त्यांनी रबराला दोष न देता आधी दाराची बैठक नीट केली. नवा प्लॅस्टिकचा पडदा कापून चिकटवला आणि त्याची खालची कड सांगाड्याच्या आत सोडली, म्हणजे त्याच्यावरून ओघळलेला थेंब दाराच्या पोटातच पडेल. मग काच वर घेऊन तिच्यावर तांब्याने पाणी ओतलं आणि खाली वाकून भोकांतून ते येतंय का ते पाहिलं. आलं.

यात एकही हत्यार असं नव्हतं जे तुमच्या गॅरेजमध्ये नसेल.

दाराचा तळ मात्र वाचला नाही. खालचा हातभर पत्रा कापून काढावा लागला, नवा वाकवून, वेल्ड करून, दुमडून बसवावा लागला. त्याला सगळ्या रबरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त पैसे गेले. गालिच्याखालची फरशीही दोन जागी सडलेली होती. ते पैसे मी तुमच्याकडे मागत नाही.

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. गाडी गळते म्हणून मामा तुमच्याकडे परत आले होते. तुम्ही बॉनेटवर हात ठेवून त्यांना म्हणालात, “जुनी गाडी आहे काका, एवढं चालायचंच.” मामांनी ते मान्य केलं. तुम्ही कारागीर, तुमचा शब्द त्यांनी खरा धरला. त्यानंतरच्या पावसाळ्यांत ते पायाखाली वर्तमानपत्रं अंथरून गाडी चालवत राहिले. मामींनी बसणं सोडलं, त्यांच्या गुडघ्यांना ओल सोसत नाही. कुणी गाडीतल्या कुबट वासाबद्दल बोललं की मामा तुमचंच वाक्य म्हणायचे, जुनी आहे ती. गाडी विकायचं त्यांनी ठरवलं होतं, भंगारवाल्याशी बोलणीही झाली होती. तुम्ही केलेल्या बिघाडाचं खापर तुम्ही गाडीच्या वयावर फोडलंत, आणि एका सज्जन माणसाला आपल्या हातातली चांगली वस्तू निकामी आहे असं पटवून दिलंत. पत्रा कापून बदलता येतो. मामांच्या मनात तुम्ही जे भरून ठेवलंत, ते काढायला आम्हाला वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ लागला.

ही गाडी जुनी होती म्हणून गळत नव्हती. तिचं रबर संपलं होतं आणि ते बदलायला ती योग्य हातात पडली नाही, म्हणून गळत होती. रबर संपतंच. दर काही वर्षांनी ते बदलायचं असतं, ब्रेक शू बदलतो तसं.

आता मागणं. तुमच्या वहीत नावं असतीलच. अलिबाग, पेण, मुरूड, रेवदंडा या टापूत अजून किती पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसॅडर तुमच्या हाताखालून गेल्या असतील, त्यांच्या मालकांना फोन करा. त्यांची दारं स्वतःच्या खर्चाने उघडा. भोकांतलं सिलिकॉन काढा, पण लोखंडी टोकाने खुपसू नका, आधीच कुजलेला पत्रा फुटेल. बांबूची काडी वापरा. पडदे नवे लावा. स्पंजच्या पट्ट्या काढून फेका. आणि मामांकडे येऊन, मामीही समोर असताना, गाडीत काही दोष नव्हता एवढं तुमच्या तोंडाने सांगा. त्या दोघांना ते तुमच्याकडून ऐकायचा हक्क आहे. पाऊस जूनमध्ये येतो, त्याच्या आत हे सगळं व्हायला हवं.

मामांची भाची